एकच गाडी, तीन किमती: चालवताना फरक किती?

विजेवर चालणारी मोटारगाडी आता नागपूरकरांना नवलाची राहिलेली नाही. हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या गांधीबागेच्या कापड बाजारात दिसतात, इतवारीत दिसतात आणि कामठी रोडवरही दिसतात. पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून व्यापारी बंधूंच्या बैठकीत भाव-ताव संपला की हाच विषय निघतो. गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न मागे पडला आहे. कोणती घ्यावी, बेस घ्यावी की टॉप, हा प्रश्न उरला आहे.

हा लेख लिहिण्यास निमित्त झाला टेका नाक्याजवळ राहणारा एक तरुण. सहा वर्षे तो दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. वडिलांनी दोन पॉवरलूम विकून काही रक्कम बाजूला ठेवली होती. त्या रकमेतून स्वतःची गाडी घ्यायची आणि कापड व्यापाऱ्यांना नागपूर-अमरावती ने-आण करायची, असा त्याचा बेत होता. जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडे त्याने पंचवीस हजार रुपये बयाणा देऊन विजेवरची एक सेडान ठरवली. दलालाने कागदावर लिहून दिले होते, "टिगोर ई.व्ही., एका चार्जिंगमध्ये ३०६ किलोमीटर." हा कागद घेऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, त्याच्याकडे दोन गाड्या आहेत. एक बेस आहे, एक टॉप. टॉपला साठ हजार जास्त मागतो. टॉप चालायला चांगली असते ना?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून ओळखीच्यांकडून गाड्या मागून घेतल्या, मोटारीचे काम जाणणाऱ्या एका उस्तादांना सोबत घेतले आणि स्वतः चालवून पाहिले. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

टिगोरची तीन नावे

टाटा कंपनीने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी विजेवरची नवी टिगोर बाजारात आणली. तिचे तीन प्रकार होते : एक्सई, एक्सएम आणि एक्सझेड प्लस. शोरूम किंमत अनुक्रमे ११ लाख ९९ हजार, १२ लाख ४९ हजार आणि १२ लाख ९९ हजार रुपये. म्हणजे खालच्या आणि वरच्या प्रकारात बरोबर एक लाखाचा फरक.

आता या एका लाखात काय मिळते ते पाहू. तिन्ही प्रकारांत बॅटरी एकच, २६ युनिटांची. मोटर एकच, ५५ किलोवॅटची, म्हणजे सुमारे ७५ अश्वशक्तीची. फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तोही एकच, १७० न्यूटन मीटर. चाचणी संस्था एआरएआय हिच्या मोजणीप्रमाणे एका चार्जिंगमध्ये ३०६ किलोमीटर, हा आकडाही तिघींचा एकच. शून्यापासून ताशी ६० चा वेग ५.७ सेकंदांत, हा कंपनीचा दावाही तिघींना सारखाच लागू. समोरच्या दोन एअरबॅग खालच्या प्रकारापासूनच आहेत. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येकी ४ तारे मिळाले होते.

मग एक लाख कशाचे? मोठ्या पडद्याचे, चांगल्या स्पीकरचे, मागचे दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचे, चाकांच्या रूपाचे आणि मोबाईलशी जोडणीचे. या वस्तू वाईट नाहीत. दिवसभर गाडीत बसणाऱ्याला त्यांचे मोल आहे. पण यांपैकी एकही वस्तू गाडीला पुढे ओढत नाही.

आम्ही काय पाहिले

पहिल्या दिवशी एक्सई आणि एक्सझेड प्लस अशा दोन गाड्या पाठोपाठ चालवल्या. मोमीनपुऱ्यातून सकाळी निघालो, एलआयसी चौकात आलो आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या झालेल्या दुमजली उड्डाणपुलावरून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेलो. पूल ५.६२ किलोमीटरचा आहे. त्याचा चढ, पुढचा सरळ रस्ता, मग कामठीची गर्दी आणि परतीचा जुना खालचा रस्ता, असा एकाच फेरीत सर्व तऱ्हेचा अनुभव मिळतो.

मोमीनपुऱ्याच्या गर्दीत विजेच्या गाडीचा पहिला गुण समजतो. क्लच नाही, गिअर बदलणे नाही. हातगाडी आडवी आली, थांबलो. ती सरकली, पाय हलकेच दाबला की गाडी निघाली. पेट्रोलच्या गाडीत अशा गल्लीत डावा पाय दुखून येतो. एक्सईमध्ये हे जसे होते तसेच एक्सझेड प्लसमध्ये होते. पुलाच्या चढावर दोन्ही गाड्यांनी सारखाच पिकअप दिला. गाडीत 'ड्राइव्ह' आणि 'स्पोर्ट' असे दोन टप्पे असतात. 'स्पोर्ट' लावला की पाय ठेवताच गाडी उसळी घेते. ती उसळीही दोघींची सारखीच. उस्तादांनी आम्हाला समोरचा पडदा न पाहता कोणती गाडी ते ओळखायला सांगितले. पडदा आणि सीट सोडले तर आम्हाला ओळखता आले नसते, हे कबूल करतो.

वळणावर, खड्ड्यात आणि गतिरोधकावरही तेच. कारण टायरचे माप एकच, वजन जवळजवळ एकच. बॅटरी खाली आणि मागे असल्याने गाडी जमिनीला धरून चालते. मात्र भरलेल्या गाडीने उंच गतिरोधकावर सांभाळावे लागते.

एक फरक मात्र जाणवला, आणि तो वर्षाचा होता. एक्सलेटरवरून पाय उचलला की विजेच्या गाडीची मोटर उलटी डायनामोसारखी काम करते. गाडीचा वेग कमी होतो आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने सुधारित टिगोर आणली. तिचे चार प्रकार झाले, एक्सई, एक्सटी, एक्सझेड प्लस आणि एक्सझेड प्लस लक्स; किमती १२ लाख ४९ हजारांपासून १३ लाख ७५ हजारांपर्यंत; आणि चाचणीतला पल्ला ३१५ किलोमीटर. या गाडीत वीज परत घेण्याचा जोर चालकाला कमी-जास्त करता येतो, आणि ही सोय सर्वच प्रकारांत दिली आहे. डिसेंबर २०२२ पासून जुन्या टिगोरवाल्यांनाही कंपनीने ती सॉफ्टवेअरद्वारे मोफत दिली. आम्ही चालवलेल्या एक्सईच्या मालकांनी ती करून घेतली होती, एक्सझेड प्लसच्या मालकांनी घेतली नव्हती. परिणाम असा की गर्दीत स्वस्त गाडी जास्त सोयीची वाटली! जोर वाढवून ठेवला की ब्रेकला पाय लावण्याची वेळ फार कमी येते. जुन्या टिगोरच्या मालकांनी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन हे जरूर विचारावे.

तिसरी गाडी

दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने बयाणा दिलेली गाडी आम्ही दलालाकडून तासाभरासाठी मागून घेतली. वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघालो. चार माणसे आणि डिक्कीत कापडाचे तागे होते.

गाडी शांत चालत होती. शहरात ताशी चाळीसपर्यंत काहीच वावगे वाटले नाही. पण मोकळा रस्ता लागताच फरक दिसू लागला. पन्नासनंतर पाय पूर्ण दाबला तरी गाडी सावकाशच वेग घेत होती. पुढच्या ट्रकला ओलांडायचे म्हणून बाहेर काढली आणि निम्म्यात पुन्हा मागे घ्यावी लागली. काल ज्या नावाच्या गाडीने उसळी घेतली, त्याच नावाची ही गाडी अशी का?

उस्तादांनी गाडी बाजूला घेऊन कागद मागितले. बॉनेट उघडले, बॅटरीवरची पट्टी पाहिली आणि हसून म्हणाले, "मियाँ, ही ती गाडीच नाही. ही ७२ व्होल्टची आहे."

गोष्ट अशी आहे. २०२१ च्या आधीची विजेवरची टिगोर आणि २०२१ मध्ये टॅक्सीसाठी म्हणून 'एक्सप्रेस-टी' या नावाने आलेली तिचीच बहीण, या गाड्या बाहेरून जवळजवळ तशाच दिसतात. पण आतली मोटर वेगळी. ती ७२ व्होल्टवर चालते, ताकद सुमारे ४१ अश्वशक्ती, टॉर्क १०५ न्यूटन मीटर. एक्सप्रेस-टीची बॅटरी दोन मापांत होती : १६.५ युनिटांची, चाचणीतला पल्ला १६५ किलोमीटर, आणि २१.५ युनिटांची, पल्ला २१३ किलोमीटर. दलालाने ३०६ चा आकडा लिहिला तो दुसऱ्याच गाडीचा होता. दलालाला माहीत होते की नव्हते, हे अल्लाह जाणे. पण तरुणाच्या वडिलांचे पैसे मात्र खरे होते.

व्होल्ट म्हणजे काय ते समजून घ्या

आमच्या विणकर बांधवांना हे सहज समजेल. माग चालवायला मोटरला जी ताकद लागते ती व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारातून येते. व्होल्ट कमी असले तर तेवढीच ताकद मिळवायला अँपिअर जास्त ओढावे लागतात. अँपिअर वाढले की तारा तापतात, मोटर तापते. मग यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी ताकद आवरते. ७२ व्होल्टच्या गाडीची हीच मर्यादा आहे. २०२१ च्या नव्या टिगोरमध्ये बॅटरी ३०० व्होल्टच्या वरची आहे. तेवढ्याच प्रवाहात कितीतरी जास्त ताकद मिळते. म्हणून ती पुलावर धावली आणि ही ट्रकच्या मागे राहिली.

चार्जिंगवरही याचा परिणाम होतो. एक्सप्रेस-टीच्या मोठ्या बॅटरीला जलद चार्जरवर ८० टक्के भरायला ११० मिनिटे, लहान बॅटरीला ९० मिनिटे, असे कंपनीनेच सांगितले होते. नव्या टिगोरला त्याच कामास साधारण एक तास. टॅक्सीवाल्याला पाऊण तास म्हणजे एक भाडे.

थोडक्यात, एक्सई आणि एक्सझेड प्लस यांत किमतीचा फरक एक लाखाचा होता आणि चालवण्यात फरक जवळजवळ शून्य. उलट दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत व्होल्टचा फरक होता आणि चालवण्यात जमीन-अस्मानाचे अंतर. दलालाच्या दोन्ही गाड्या ७२ व्होल्टच्याच निघाल्या. त्याची 'टॉप' म्हणजे केवळ नवे सीट कव्हर, मोठा पडदा आणि साठ हजार रुपये.

नागपूरने हा धडा आधीच घेतला आहे

नागपूरकरांना विजेच्या टॅक्सीचा अनुभव देशात बऱ्याच जणांच्या आधी आला. २६ मे २०१७ रोजी नागपूर विमानतळावर नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ओला कंपनीच्या विजेवरच्या वाहनांचा प्रकल्प सुरू झाला. टॅक्सी, रिक्षा, बस मिळून २०० वाहनांची योजना होती आणि त्यांत १०० गाड्या महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलच्या येथील एका पेट्रोल पंपावर ओलाच्या सहकार्याने चार्जिंगची सोय झाली.

पण २०१८ च्या आरंभीच बातम्या आल्या की अनेक चालक या गाड्या परत करू पाहत आहेत. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांग, त्यामुळे बुडणारी भाडी आणि न परवडणारा खर्च, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. गाडी चालायला कशी आहे, यावर तक्रार कमी होती. ती कधी आणि कुठे भरायची, यावर जास्त होती.

त्या काळी महिंद्राचीच एक विजेवरची सेडान होती, ई-व्हेरिटो. जून २०१६ मध्ये आलेल्या या गाडीचेही तीन प्रकार होते, डी-२, डी-४ आणि डी-६. मोटर तिघींची एकच, ७२ व्होल्टची, सुमारे ४१ अश्वशक्तीची. पल्ला ११० किलोमीटर आणि सर्वाधिक वेग ताशी ८६. पण तेथे वरच्या डी-६ प्रकाराचे एक वैशिष्ट्य खरोखर कामाचे होते. जलद चार्जिंगची सोय त्यातच होती, पावणेदोन तासांत ८० टक्के. घरच्या प्लगवर पूर्ण भरण्याचे काम रात्रभराचे, पावणेनऊ तासांपर्यंतचे. म्हणजे तेथे जास्तीच्या पैशांनी पिकअप वाढला नाही, पण दिवसाचे भाडे वाढू शकले असते. वरचा प्रकार नेहमीच फुकट खर्च असतो असे नाही. जास्तीचे पैसे कोणत्या वस्तूसाठी जातात ते एकेक करून पाहायला हवे.

जेथे प्रकार बदलला की गाडीच बदलते

दुसरे टोकही पाहू. चीनच्या बीवायडी कंपनीने ५ मार्च २०२४ रोजी 'सील' नावाची विजेवरची सेडान भारतात आणली. तिचे तीन प्रकार. पहिला ४१ लाखांचा : बॅटरी ६१ युनिटांहून थोडी अधिक, मोटर २०४ अश्वशक्तीची, मागची चाके ओढणारी. दुसरा ४५ लाख ५५ हजारांचा : बॅटरी साडेब्याऐंशी युनिटांची, ताकद ३१३ अश्वशक्ती. तिसरा ५३ लाखांचा : बॅटरी दुसऱ्याइतकीच, पण पुढे एक मोटर आणि मागे एक, ताकद ५३० अश्वशक्ती. शून्यापासून शंभरचा वेग पहिलीला साडेसात सेकंदांत, तिसरीला ३.८ सेकंदांत.

आणि तरीही गंमत पाहा. सर्वांत महागड्या तिसऱ्या प्रकाराचा पल्ला ५८० किलोमीटर सांगितला आहे, तर दुसऱ्याचा ६५०. बॅटरी तेवढीच आणि ओढणाऱ्या मोटरी दोन, म्हणजे वीज जास्त खर्च होणारच. ज्याला दूरवर जायचे आहे त्याने तेथे सर्वांत महाग गाडी घेतली तर तो जास्त पैसे देऊन कमी पल्ला विकत घेईल.

ही गाडी आमच्या बहुतेक वाचकांच्या खिशाबाहेरची आहे, हे आम्ही जाणतो. पण उदाहरण मुद्दाम दिले. एका कंपनीत प्रकाराचे नाव बदलले की सीट बदलते, दुसऱ्या कंपनीत मोटरच बदलते. नाव काही सांगत नाही. बॅटरीचे युनिट, मोटरची ताकद आणि चार्जिंगचा वेळ, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात.

कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा

एआरएआयचा आकडा ठरावीक परिस्थितीतला असतो. नागपूरचा उन्हाळा त्या परिस्थितीत बसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, एसी सतत चालतो, गाडीत चार माणसे आणि माल असतो. आमच्या अंदाजाने कागदावरच्या आकड्याचा दोन-तृतीयांश ते पाऊण भाग धरावा. म्हणजे ३०६ किलोमीटरच्या गाडीला २०० ते २३०, आणि २१३ च्या गाडीला १४० ते १६०.

आता त्या तरुणाचा बेत तपासू. नागपूर-अमरावती सुमारे १५५ किलोमीटर, जाऊन-येऊन ३१० च्या आसपास. नवी टिगोर अमरावतीला आरामात पोहोचेल, तेथे तासभर चार्ज होईल आणि परत येईल. व्यापारी बाजारात असतो तोवर गाडी भरून होईल. २१३ वाली मात्र अमरावतीला पोहोचलीच तर बॅटरी तळाला लागून पोहोचेल. वर्धा सुमारे ७५ किलोमीटर, तिकडून त्याच दिवशी न भरता परत येणेही तिला काठावरचे. पण कामठी? एका बाजूने १६-१७ किलोमीटर. चार फेऱ्या केल्या तरी ती १४० च्या आत राहते, आणि या रस्त्यावर कोणाला ट्रक ओलांडायची घाई नसते.

मालाचाही विचार करावा. पेट्रोलच्या टिगोरची डिक्की ४१९ लिटरची आहे, विजेवरच्या टिगोरची ३१६ लिटरची. बॅटरीने जागा घेतली आहे. तागे, नमुन्याच्या पेट्या, चपलांचे खोके घेऊन फिरणाऱ्याने आपला माल डिक्कीत ठेवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. हा फरकही सर्व प्रकारांत सारखाच आहे. टॉप घेतल्याने डिक्की मोठी होत नाही.

एक लाख किती दिवसांत फिटतात?

साधा हिशेब करू. २६ युनिटांची बॅटरी भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून ३० युनिट धरा. घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये धरला तर ३०० रुपयांत २०० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. बाहेरच्या जलद चार्जरवर दर युनिटला २० रुपये धरला तर तीन रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि लिटरचा भाव १०५ रुपये आहे असे धरले तर सात रुपये.

घरी भरणाऱ्याची बचत किलोमीटरला साडेपाच रुपये, बाहेर भरणाऱ्याची चार. एक्सई आणि एक्सझेड प्लस यांतला एक लाखाचा फरक या बचतीतून फेडायचा तर घरी भरणाऱ्याला सुमारे १८,००० किलोमीटर आणि बाहेर भरणाऱ्याला २५,००० किलोमीटर चालवावे लागेल. दुकान ते घर एवढेच फिरणाऱ्याला यात काही वर्षे जातील. या हिशेबातले दर प्रत्येकाने आपल्या वीजबिलाप्रमाणे बदलून घ्यावेत.

दूरच्या रस्त्यावर चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर विजेवरच्या चारचाकींना टोलमाफीची तरतूद आहे. हा लाभ बेसला जेवढा तेवढाच टॉपला.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

आमचे अनेक वाचक हप्त्यापेक्षा रोखीने व्यवहार करणे पसंत करतात, म्हणून जुन्या गाड्यांकडे वळतात. टॅक्सी म्हणून चाललेल्या विजेच्या गाड्या आता या बाजारात येऊ लागल्या आहेत आणि पुढे आणखी येतील. फेब्रुवारी २०२३ मध्ये एकट्या उबरने २५,००० एक्सप्रेस-टी गाड्यांचा करार टाटाशी जाहीर केला होता. तोवर या टॅक्सी प्रकारातही २६ युनिटांची मोठी बॅटरी आली होती, म्हणून नावाबरोबर सालही पाहावे.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. विजेच्या खासगी गाडीच्या हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरे असतात. टॅक्सीच्या हिरव्या प्लेटवर पिवळी. प्लेट बदललेली असली तरी आर.सी.च्या नोंदींत जुना वापर सापडतो. टॅक्सीला वेग ताशी ८० वर रोखणारे यंत्र बसवलेले असते, तेही विचारावे. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि स्वतः पन्नास किलोमीटर चालवून किती टक्के उतरली ते पाहावे. खासगी टिगोरच्या बॅटरी आणि मोटरवर कंपनीने ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिली होती. ती किती उरली आणि नव्या मालकाच्या नावावर होते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून लेखी घ्यावे. दलालाचा शब्द पुरेसा नाही.

कारागिरांसाठी यात काय?

बेस गाडीला कापडी सीट, साधा पडदा. टॉपमध्ये जे बसून येते त्यातले बरेचसे काम आपल्याच शहरातले कारागीर करतात. सीटचे काम करणाऱ्या, मॅट आणि स्पीकर बसवणाऱ्या बांधवांनी विजेच्या गाड्यांच्या मालकांना हे सांगायला हवे की एक लाख न देता बैठक तेवढीच चांगली होऊ शकते. मात्र दोन पथ्ये पाळावीत. ज्या गाडीच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते तिला सरसकट कव्हर शिवू नये. आणि नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नये; त्यांत जीव घेण्याइतके व्होल्ट असतात. दिव्यांची किंवा स्पीकरची जोडणी या तारांपासून दूर, फक्त १२ व्होल्टच्या लहान बॅटरीच्या बाजूने करावी, आणि कंपनीची वायर कापल्यास वॉरंटी जाऊ शकते हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

ज्यांची मुले गॅरेजच्या धंद्यात उतरणार आहेत त्यांनी आयटीआयमधील 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. या गाड्यांना ऑइल बदलणे नाही, क्लचप्लेट नाही, सायलेन्सर नाही. जुन्या कामातला मोठा भाग जाणार आहे. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, एसी राहणार आहे आणि विजेचे नवे काम येणार आहे.

शेवटी

तो तरुण दोन वडीलधाऱ्यांना घेऊन दलालाकडे गेला. थोडी बोलाचाली झाली, मग सौदा नव्याने ठरला. साठ हजारांची 'टॉप' त्याने नाकारली. बेस गाडी घेतली, पण ७२ व्होल्टच्या गाडीच्या भावाने, म्हणजे आधी ठरलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी देऊन. अमरावतीचा बेत सोडला. आता तो कामठी ते इतवारी व्यापाऱ्यांना ने-आण करतो आणि रात्री घरी गाडी भरतो. वडिलांची उरलेली रक्कम त्याने तशीच ठेवली आहे; पुढे मोठ्या बॅटरीची गाडी घ्यायची म्हणतो.

परवा तो भेटला तेव्हा आम्ही विचारले, "बेटा, गाडी कशी चालते?" म्हणाला, "चाचा, जेथवर माझा रस्ता आहे तेथवर उत्तम चालते."

गाडी घेताना आधी आपला रस्ता मोजावा, मग बॅटरी पाहावी, मग चार्जर. सीट आणि पडदा त्यानंतर.